बँकेचा वकील की आपला वकील?

गृहकर्ज देताना बँक पॅनेलवरच्या वकिलाकडून सर्च रिपोर्ट (घराच्या मालकीच्या जुन्या नोंदींची तपासणी) करून घेते. साधारण ३० वर्षांचे व्यवहार तपासले जातात आणि फी बहुतेक वेळा आपल्याच खिशातून जाते. मग आणखी एक वकील कशाला, असं आम्हालाही वाटलं होतं.

पण बँकेचा वकील बँकेसाठी बघतो: कर्ज थकलं तर हे घर विकून पैसे वसूल होतील का? ताब्याची तारीख, सोसायटीची थकबाकी, पार्किंग नक्की कोणाचं, इमारतीखालच्या जमिनीचं कन्व्हेयन्स झालंय का, म्हणजे ती जमीन सोसायटीच्या नावावर आलीय का, हे प्रश्न आपले.

आमच्या रिसेल फ्लॅटच्या फायलीत पहिल्या कराराची नुसती झेरॉक्स होती. वकीलबाईंनी इंडेक्स टूवरच्या (नोंदणी कार्यालयाच्या दस्त-उताऱ्यावरच्या) दस्त क्रमांकावर बोट ठेवून विचारलं, "मूळ प्रत कुठाय?" बँकेनेही हे पकडलं असतं, पण तोवर टोकन, म्हणजे बयाण्याची रक्कम, देऊन झालं असतं.

महारेरात (राज्याच्या गृहप्रकल्प नियामकाकडे) नोंदलेला, बँकेने आधीच मंजूर केलेला नवा प्रकल्प असेल तर बँकेच्या तपासणीवर थोडं जास्त विसंबता येतं. करारनामा मात्र स्वतः वाचाच. रिसेलला आपला वकील हवाच, आणि तोही टोकन देण्याआधी.