‘बायझँटियम’ नावाचे रोम: ‘युरोपा युनिव्हर्सालिस ४’मधील राज्यांची नावे

स्टॉकहोमच्या पॅराडॉक्स डेव्हलपमेंट स्टुडिओचा ‘युरोपा युनिव्हर्सालिस ४’ हा संगणकावरचा डावपेचांचा खेळ २०१३ साली बाजारात आला आणि तेव्हापासून त्याने माझ्या कित्येक रात्री घेतल्या आहेत. खेळाचा आरंभ ११ नोव्हेंबर १४४४ या दिवशी होतो, म्हणजे आजच्या बल्गेरियातल्या वार्नाच्या रणांगणावर ऑटोमन फौजेने पोलंड आणि हंगेरीच्या तरुण राजाला मारले, त्याच्या दुसऱ्या दिवशी. तेथून १८२१ पर्यंत जगातले जवळजवळ कोणतेही राज्य घेऊन व्यापार, तह, सोयरिकी आणि लढाया यांच्या बळावर ते वाढवता किंवा बुडवता येते. आरंभाची तारीख इतक्या विचाराने ठरवणाऱ्या खेळाकडून राज्यांच्या नावांतही तोच काटेकोरपणा मी अपेक्षितो, आणि पुष्कळ ठिकाणी तो आढळतो. १४४४ च्या नकाशावर स्पेन नाही, कास्तील आणि आरागॉन आहेत; रशिया नाही, मॉस्कोची रियासत आहे; ग्रेट ब्रिटन नाही, इंग्लंड आणि स्कॉटलंड आहेत. पुढची नावे खेळणाऱ्याने आपल्या पराक्रमाने मिळवायची असतात, आणि नकाशावरचे ‘कास्तील’ पुसले जाऊन ‘स्पेन’ उमटते तो क्षण फार सुखाचा असतो.

कॉन्स्टँटिनोपलपाशी, म्हणजे आजच्या इस्तंबूलपाशी, मात्र हा काटेकोरपणा सुटतो. चहूबाजूंनी ऑटोमन मुलखाने वेढलेले ते शहर आणि दक्षिण ग्रीसमधला मोरिया एवढ्यावर तग धरून असलेल्या, जुन्या रोमन साम्राज्याच्या पूर्वेकडे उरलेल्या राज्याला खेळ ‘बायझँटियम’ म्हणतो. त्या राज्यातल्या लोकांनी स्वतःच्या राज्याला हे नाव कधी दिले नाही. ते स्वतःला ‘रोमाइओइ’ म्हणजे रोमन म्हणवत, त्यांचा सम्राट हा रोमनांचा सम्राट होता, आणि ‘बायझँटिऑन’ हे शहराचे जुने ग्रीक नाव विद्वानांच्या लिखाणात शहरापुरतेच येई. त्या नावाने राज्याचा इतिहास सांगण्याची रीत १५५७ साली हिरोनिमस वोल्फ या जर्मन पंडिताने छापलेल्या ग्रंथसंग्रहापासून रुजत गेली, आणि तोवर शहर पडून शंभराहून अधिक वर्षे लोटली होती.

नावाचा हा प्रश्न त्या काळीही क्षुल्लक नव्हता. ९६८ साली पोपच्या पत्रात निकेफोरस फोकास या सम्राटाला ‘ग्रीकांचा सम्राट’ असे संबोधले गेले, तेव्हा दरबार इतका संतापला की पत्र आणणाऱ्या दूतांना बंदिवासात टाकण्यात आले. १४५३ मध्ये शहर जिंकल्यावर ऑटोमन सुलतान मेहमद दुसरा याने ‘कैसर-इ-रूम’ म्हणजे रोमचा सम्राट ही पदवी धारण केली, कारण आपण कोणाचे तख्त घेतले याविषयी त्याच्या मनात संदेह नव्हता. जुन्या मराठी लिखाणात ‘रूमशाम’ असा जोडशब्द येतो, त्यातले ‘रूम’ ते हेच: सुलतान तुर्क असला तरी मुलखाचे नाव रोमचे राहिले आणि फारसीच्या वाटेने आपल्या दप्तरांपर्यंत पोहोचले. लहानपणी हा शब्द वाचताना त्याचा रोमशी काही संबंध असेल असे मला कधी वाटले नव्हते. तो उलगडा मला याच खेळाच्या नादाने झाला, हे उपकार मान्य केलेच पाहिजेत.

ओळखीचे नाव ठेवण्यामागचे कारण मला समजते. खेळ नव्याने उघडणाऱ्याला नकाशावर शेकडो राज्ये दिसतात, आणि त्यांत ‘बायझँटियम’ हे शाळेच्या पुस्तकातले नाव सापडले की त्याला आधार वाटतो. शिवाय त्याच नकाशावर जर्मन प्रदेशात ‘पवित्र रोमन साम्राज्य’ आधीच असल्याने दोन रोम पाहून गोंधळ होईल, हीही अडचण खरी आहे. नाव केवळ पाटीपुरते असते तर मी त्यावर इतके लिहिले नसते. परंतु या खेळात ते नियमांत उतरले आहे. बायझँटियम घेऊन खेळणाऱ्याने भूमध्य समुद्राभोवतीचे मोठमोठे मुलूख जिंकले, की ‘रोमन साम्राज्याची पुनःस्थापना’ करण्याचा पर्याय त्याच्यासमोर येतो. म्हणजे जो सम्राट पिढ्यान्‌पिढ्या रोमन म्हणूनच सिंहासनावर बसत आला, त्याला रोमन होण्याची परवानगी खेळ दोन-तीनशे वर्षांच्या युद्धांनंतर देतो. पहिल्या दिवशी जे त्याचे होते, तेच अखेरचे बक्षीस म्हणून त्याच्या हाती ठेवले जाते. ही चूक पाटीची नाही, समजुतीची आहे.

आपल्याकडची नावे या कसोटीवर मला कमी खटकतात. विजयनगर हे राजधानीचे नाव आहे आणि तिथल्या राज्याचा उल्लेख ‘कर्नाट’ असाही होई. बहमनी हे घराण्याचे नाव आहे. पण या नावांमुळे खेळात कोणाचा वारसा हिरावला जात नाही, म्हणून ती सोयीची मानून पुढे जाता येते. मुघलांचे तसे नाही. बाबराचे घराणे स्वतःला तैमूरचे वंशज म्हणून ‘गुरकानी’ म्हणवत असे, आणि खेळात मात्र तैमुरी राज्याला आपले नाव टाकून ‘मुघल’ व्हावे लागते. मराठ्यांचे राज्य आरंभी नसते, ते पुढे घडवावे लागते, आणि तसे असणेच योग्य आहे. आपल्या कागदपत्रांत त्याला ‘स्वराज्य’ किंवा नुसते ‘राज्य’ म्हटलेले आढळते आणि शिवाजी महाराजांच्या मुद्रेत तर राज्याचे नावच नाही, तेव्हा ‘मराठा’ या नावावर मी आक्षेप घेणार नाही.

उपाय अवघड नाही, कारण त्याची सामग्री खेळातच आहे. मालक बदलला की पुष्कळ शहरांची नावे त्याच्या भाषेप्रमाणे बदलतात, आणि ही सोय बंदही ठेवता येते. तशीच निवड राज्यांच्या नावांसाठी दिली असती, तर नवख्याला ओळखीचे नाव आणि जाणत्याला त्या काळचे नाव, दोन्ही मिळाले असते. ते होईपर्यंत ज्याला सल असेल त्याने खेळाच्या फोल्डरमधली नावांची फाइल उघडावी. ती साधी मजकुराची असते. मी माझ्या प्रतीत ‘रोमानिया’ म्हणजे रोमनांचा देश (आजचा रोमानिया नव्हे) असे लिहून घेतले आहे, कारण तिथले लोक आपल्या देशाला तेच म्हणत.

बाकी खेळाविषयी थोडक्यात सांगतो. तो शिकायला अवघड आहे, मजकूर इंग्रजीसह चार युरोपीय भाषांतच आहे, आणि स्वतंत्रपणे विकली जाणारी विस्तार-पॅक सगळी घेतली तर खर्च मूळ खेळाच्या कितीतरी पट होतो. म्हणून आधी मूळ खेळच सवलतीच्या दिवसांत घ्यावा, पहिला डाव कास्तीलचा खेळावा आणि कॉन्स्टँटिनोपलकडे हात थोडा बसल्यावर वळावे. तिथे पहिली दहा वर्षे टिकणेच फार कठीण आहे.