कुलपाचं चिन्ह होतं, विद्यापीठ नव्हतं

पैसे भरण्याआधी मी चौकशी केली होती. म्हणूनच हे लिहितेय, कारण चौकशी करूनही फसता येतं.

ऑनलाइन पदव्युत्तर अभ्यासक्रम होता. वेबसाइट नीटनेटकी, पत्त्याशेजारी कुलपाचं चिन्ह, ‘स्थापना १९७४’ अशी पाटी, ग्रंथालयाच्या पायऱ्यांवर बसलेली पिवळ्या स्वेटरमधली मुलगी. मान्यतेबद्दल शंका आली म्हणून तिथल्या मान्यता मंडळाच्या बोधचिन्हावर क्लिक केलं. मंडळाची स्वतंत्र वेबसाइट उघडली, यादीत विद्यापीठाचं नाव सापडलं. माझं समाधान झालं. चॅटवरचा समुपदेशक ‘सवलत आज रात्रीपर्यंतच’ म्हणत होता. मी शुल्क भरून टाकलं.

तीन महिन्यांत एकही वर्ग झाला नाही, उलट परीक्षा न घेताच ‘अनुभवाच्या आधारे’ पदवी देऊ केली. तेव्हा पोटात गोळा आला.

मग जे आधी करायला हवं होतं ते केलं. डोमेन, म्हणजे वेबसाइटचा पत्ता, कधी नोंदवलं हे हूइज या नोंदी शोधायच्या सेवेवर फुकट दिसतं. विद्यापीठाचं आणि त्या मंडळाचं, दोन्ही डोमेन एकाच आठवड्यात घेतलेली, जेमतेम वर्षभर जुनी! वेबसाइटची जुनी पानं जपून ठेवणाऱ्या वेबॅक मशीनवर त्याआधीचं एकही पान नाही. तो फोटो टाकून इंटरनेटवर आणखी कुठे आहे हे शोधलं, तर ती मुलगी विकत मिळणाऱ्या फोटोंच्या संग्रहातली निघाली.

मान्यता मंडळही बनावट असू शकतं, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. खरं तर २०१५ मध्ये पाकिस्तानातल्या अ‍ॅक्झॅक्ट कंपनीचं बनावट पदव्यांचं प्रकरण बाहेर आलं, तेव्हा खोट्या विद्यापीठांच्या जोडीला खोटी मान्यता मंडळंही सापडली होती. त्यामुळे मान्यता तपासताना विद्यापीठाने दिलेल्या लिंकवरून जाऊ नका. विद्यापीठ ज्या देशातलं म्हणवतं, त्या देशाच्या शिक्षण खात्याची किंवा नियामक संस्थेची वेबसाइट स्वतः शोधून उघडा आणि तिथे नाव पाहा. कुलपाचा अर्थ एवढाच, की तुमची माहिती वाटेत कोणी वाचणार नाही. पलीकडे कोण बसलंय हे ते सांगत नाही. वेबसाइटच्या पत्त्याच्या शेवटी येणारं ‘डॉट ईडीयू’ २००१ पासून अमेरिकेतल्या मान्यताप्राप्त संस्थांनाच मिळतं, पण त्याआधी घेतलेले पत्ते तसेच चालू राहिले. ‘डॉट ओआरजी’ तर कुणालाही मिळतं.

माझे पैसे परत आलेले नाहीत. बँकेकडे आणि पोलिसांकडे तक्रार केली आहे, चॅटचे स्क्रीनशॉट जोडले आहेत. गेल्या आठवड्यात वेगळ्या नावाच्या विद्यापीठाची वेबसाइट दिसली. त्याच पायऱ्या, तोच पिवळा स्वेटर, प्रवेश सुरू. तुमच्या ओळखीचं कुणी तिथे अर्ज भरत असेल, तर आजच फोन करून थांबवा.