लॉगिनची नोंद, सॉफ्टवेअरची यादी: स्क्रिप्ट, इव्हेंट लॉग की एजंट?

विंडोज डोमेनवर (एका सर्व्हरवरून सांभाळलेल्या जाळ्यात) चाळीस-पन्नास पीसी. कुठल्या मशीनवर कोण कधी बसलं आणि त्यात काय इन्स्टॉल आहे, हे दोन्ही हवंय. एकाच साधनावर दोन्ही भागेल, ही आशा आधीच सोडा.

लॉगिनसाठी सगळ्यात स्वस्त म्हणजे ग्रुप पॉलिसीतली (सगळ्या पीसींना एकदम लागू होणाऱ्या सेटिंगमधली) लॉगऑन स्क्रिप्ट, म्हणजे लॉगिन होताच आपोआप चालणारी. तारीख, वेळ, युजर, मशीन अशी एक ओळ सर्व्हरवरच्या शेअरमध्ये (सामायिक फोल्डरमध्ये) लिहायची, बस्स. पण सकाळी सगळे एकदम लॉगिन करतात. फाइल एकच असेल तर ती लॉक होऊन ओळी गळतात. प्रत्येक मशीनची फाइल वेगळी ठेवा. विंडोज ८.१ पासून ही स्क्रिप्ट ५ मिनिटं उशिरा चालते, म्हणून 'कॉन्फिगर लॉगऑन स्क्रिप्ट डिले' शून्य करा. वीज गेली की लॉगऑफची ओळ पडतच नाही. शिवाय फाइलवर लिहायची परवानगी युजरलाच द्यावी लागते. हा पुरावा कच्चाच.

पक्का पुरावा इव्हेंट लॉगचा, म्हणजे विंडोज स्वतः ठेवतं त्या नोंदवहीचा. त्यात इव्हेंट क्रमांक ४६२४ म्हणजे लॉगिन झालं, ४६२५ म्हणजे फसलं. ४६२४ मधला लॉगऑन टाइप बघितल्याशिवाय काहीच ठरवू नका: २ समोर बसून, ७ अनलॉक, १० रिमोट डेस्कटॉप. ३ नेटवर्कवरून; नुसता शेअर उघडला तरी पडतो. डोमेन कंट्रोलरवर (डोमेनचे लॉगिन तपासणाऱ्या सर्व्हरवर) शोधलंत तर ३ चाच पाऊस दिसेल, कारण टाइप २ ची नोंद त्या-त्या पीसीवर असते. पीसीवरचा सिक्युरिटी लॉग (या लॉगिनच्या नोंदी असतात तो) मुळात २० एमबीचा, भरला की जुनं पुसतो. म्हणून विंडोजचीच इव्हेंट फॉरवर्डिंग सोय लावून नोंदी एका सर्व्हरवर आणा (पोर्ट ५९८५). बाकीचे लॉग येतात आणि सिक्युरिटीचा येत नाही, असं झालं तर पीसीवरच्या 'इव्हेंट लॉग रीडर्स' गटात 'नेटवर्क सर्व्हिस' घातलंय का ते आधी बघा.

सॉफ्टवेअरच्या यादीसाठी इंटरनेटवर सर्रास सापडणारी विन३२_प्रॉडक्टची क्वेरी वापरू नका. ती फक्त एमएसआय (विंडोज इन्स्टॉलरची) पॅकेजं दाखवते, आणि विचारता विचारता प्रत्येकाची तपासणी करून काहींची दुरुस्तीही सुरू करते. त्याऐवजी पॉवरशेल स्क्रिप्टने रजिस्ट्रीतली (विंडोजच्या सेटिंगच्या साठ्यातली) 'अनइन्स्टॉल' की वाचा. ३२-बिट प्रोग्रॅमसाठी 'वॉव६४३२नोड'खालचीही. युजरने स्वतःपुरतं टाकलेलं सॉफ्टवेअर मात्र त्याच्या एचकेसीयूमध्ये (रजिस्ट्रीतल्या त्या युजरच्या भागात) लपतं.

पंधरा मशीनपर्यंत एवढी पॉवरशेल पुरते. त्यापुढे प्रत्येक पीसीवर एजंट (माहिती पाठवणारा छोटा प्रोग्रॅम) बसवून यादी गोळा करणारं जीएलपीआय किंवा ओसीएस इन्व्हेंटरी, दोन्ही ओपन सोर्स. हार्डवेअरची यादी, तिकिटं (तक्रारींच्या नोंदी), लायसन्स एकत्र हवी असतील तर जीएलपीआय घ्या. १० व्या आवृत्तीपासून इन्व्हेंटरी त्यातच आहे. दोन्हींत युजरचं नाव दिसतं, पण ते इन्व्हेंटरी घेतली त्या वेळचं. हजेरीचा वाद सोडवायला ते चालणार नाही. तिथे फॉरवर्ड केलेले ४६२४ च काढा.