'चार्ज' या एका शब्दावर भाषांतराच्या दुकानाची पारख (दांडिया बाजार, बडोदे)

इंग्रजी कागदांचं मराठी किंवा गुजराती करून देणारं हे छोटं दुकान. टायपिंग स्वच्छ, जोडाक्षरं शाबूत, काम सांगितलेल्या दिवशी तयार. दाखले, गुणपत्रिका, शिफारसपत्रं इथे डोळे मिटून द्यावीत. बँकेचे आणि कोर्टाचे कागद मात्र तपासूनच घ्यावेत, आणि तपासायला 'चार्ज' हा एक शब्द पुरेसा आहे.

कर्जाच्या मंजुरीपत्रात 'प्रोसेसिंग चार्ज'चं 'प्रक्रिया शुल्क' झालं, ते बरोबर. पण खालच्या 'चार्ज ऑन द प्रॉपर्टी'चंही 'मालमत्तेवरील शुल्क' झालं. तिथे हवा होता 'बोजा'. शुल्क एकदा भरलं की संपतं. बोजा कर्ज फिटेपर्यंत हटत नाही. असं भाषांतर वाचणारा बोजा असलेलं घर मोकळं समजेल. गुजराती प्रतीत याच दुकानाने अचूक 'बोजो' लिहिलं आहे, सातबाऱ्यावर असतो तसा! शब्द हाताशी होता, मराठी करताना निसटला. घाईत 'गहाण' लिहूनही चालत नाही. 1882च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात गहाण कलम 58मध्ये आहे, चार्ज कलम 100मध्ये. गहाणात मालमत्तेतला हक्क धनकोकडे जातो, चार्जमध्ये जात नाही.

कोर्टाच्या कागदातली चूक याहून गंभीर. 'चार्जशीट' म्हणजे आरोपपत्र. ते पोलीस दाखल करतात. 'चार्ज फ्रेम' होणं म्हणजे न्यायालयाने आरोप निश्चित करणं. दुकानाने दोन्हीकडे 'आरोपपत्र दाखल' लिहिलं, त्यामुळे खटला कुठल्या टप्प्यावर आहे तेच कळेनासं झालं.

मुळात हा शब्द लॅटिनमधल्या गाडीवाचक शब्दावरून, गाडीत माल भरण्याच्या अर्थाने आला. म्हणून पदभार, विद्युतभार, बोजा हे मराठी शब्द त्याला इतके नेमके बसतात.

अर्थ ओळखायला शेजारचं शब्दयोगी पाहावं. 'फॉर' आलं की बहुधा शुल्क. 'ऑन'पुढे मालमत्ता असली तर बोजा, पैसे काढण्यासारखा व्यवहार असला तर शुल्क. 'चार्ज्ड विथ'पुढे चोरीसारखा गुन्हा असेल तर आरोप, काम असेल तर सोपवलेली जबाबदारी. सगळ्यात फसवी जोडी 'इन चार्ज ऑफ' आणि 'इन द चार्ज ऑफ'. पहिलीत कर्ता सांभाळणारा, दुसरीत तो दुसऱ्याच्या ताब्यात. मधला 'द' गळला की नर्सने पेशंटला सांभाळायचं सोडून पेशंट नर्सला सांभाळू लागतो. दुकानाच्या भाषांतरात दोन्हीकडे 'प्रभारी' आहे.

चूक दाखवली की पान दुकानात लगेच नव्याने टाइप करून मिळतं, वेगळे पैसे घेत नाहीत. तरी आधीच झेरॉक्सवर प्रत्येक 'चार्ज'खाली पेन्सिलीने रेघ मारून अर्थ लिहून द्यावा. सही-शिक्का झाल्यावर दुरुस्ती करायची तर सगळी प्रत पुन्हा काढावी लागते.