मेयो की यूसीईआयएस? अल्सरेटिव्ह कोलायटिसच्या तीव्र झटक्यात कोणता गुणांक लिहावा

अल्सरेटिव्ह कोलायटिसचा (मोठ्या आतड्याला सूज आणि व्रण येणाऱ्या आजाराचा) तीव्र झटका येऊन दाखल झालेल्या रुग्णाच्या सिग्मॉइडोस्कोपीच्या (मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागाच्या दुर्बिणीने केलेल्या तपासणीच्या) अहवालात कोणता गुणांक लिहावा, असा प्रश्न एका निवासी डॉक्टरांना पडला आहे. मोठे आतडे काढावे लागेल का, याचा अंदाज कोणता गुणांक देतो, हा यातला खरा मुद्दा आहे.

मेयोचा एंडोस्कोपी गुणांक ० ते ३ इतकाच असल्याने चटकन देता येतो. परंतु दाखल होण्याइतके आजारी असलेले बहुसंख्य रुग्ण ३ वरच येतात. उथळ व्रणांचा रुग्ण आणि खोल खड्डे पडलेला रुग्ण एकाच आकड्यात बसतात आणि शस्त्रक्रियेचा धोका बराचसा याच फरकात असतो.

२०१२ मध्ये मांडलेल्या यूसीईआयएसमध्ये (या आजाराची तीव्रता एंडोस्कोपीवरून मोजणाऱ्या दुसऱ्या गुणांकात) रक्तवाहिन्यांच्या जाळ्याला २, रक्तस्रावाला ३ आणि व्रणांना ३ असे कमाल ८ गुण असून, सर्वांत बिघडलेला भाग मोजला जातो. ऑक्सफर्डमधील रुग्णांच्या २०१५ च्या अभ्यासात ५ किंवा अधिक गुण असलेल्यांपैकी सुमारे एक-तृतीयांश रुग्णांचे आतडे पुढे काढावे लागले. त्याखालच्या गटात हे प्रमाण दहात एकाहून कमी होते. मेहनत थोडी जास्त आहे, पण तपासणी तीच, म्हणून वेगळा खर्च नाही.

दोन्ही गुणांक एकट्याने निर्णय देत नाहीत. तिसऱ्या दिवशीची शौचाची संख्या आणि सीआरपी (शरीरातील सूज दाखवणारी रक्ततपासणी) पाहावेच लागतात. बाह्यरुग्ण विभागात उपचारांचा प्रतिसाद नोंदवायला मेयो पुरेसा आहे. वॉर्डात शल्यविशारदांना कधी बोलवायचे हे ठरवायचे असेल, तर यूसीईआयएसच लिहावा.