मिल्स ब्रदर्स : चार गळे आणि एक गिटार

मिल्स ब्रदर्स या अमेरिकी भावंडांच्या निवडक गाण्यांचा दोन सीडींचा संच महिन्यापूर्वी मागवला आणि तेव्हापासून रोज रात्री जेवणे आटोपल्यावर त्यातली चार-दोन गाणी ऐकतो आहे. गाणी अनमोल आहेत. संचाची मांडणी मात्र त्यांना न्याय देत नाही.

ओहायो राज्यातल्या पिक्वा गावी केशकर्तनालय चालवणाऱ्या जॉन मिल्स यांची ही चार मुले: थोरला जॉन, हर्बर्ट, हॅरी आणि डोनाल्ड. वडील स्वतः चौघांच्या मेळात गाणारे असल्यामुळे एकाने सूर धरला की दुसऱ्याने त्याच्या वरचा किंवा खालचा सूर कसा पकडायचा, हे शिक्षण मुलांना घरातच मिळाले. एका स्पर्धेच्या वेळी कझू हे छोटे वाद्य जवळ नाही असे लक्षात आल्यावर हॅरीने तोंडापुढे हातांची ओंजळ धरून गळ्यातूनच ट्रंपेट वाजवला, अशी हकीकत सांगतात. पुढे भावांनी एकेक वाद्य गळ्यावर चढवले आणि थोरल्या जॉनकडे ट्यूबा या मोठ्या पितळी फुंकवाद्याचा खर्ज आला. सिनसिनाटीच्या रेडिओवरून ते १९३० मध्ये न्यूयॉर्कला पोहोचले. त्या सुरुवातीच्या तबकड्यांवर एका गिटारखेरीज कोणतेही वाद्य वापरलेले नाही, असा खुलासा छापावा लागत असे.

१९३१ चे ‘टायगर रॅग’ ऐकताना तो खुलासा का लागला असेल ते पटते. लय इतकी द्रुत आहे की आपण ताल धरायला जातो आणि मागे पडतो. तरीही चौघांपैकी कोणाचा सूर तसूभरही हलत नाही. एकलगायनावर वाढलेल्या माझ्या कानांना चार वेगळे सूर एका वेळी ऐकण्याची सवय नव्हती, म्हणून मी हेच गाणे एकदा फक्त खर्जावर लक्ष ठेवून ऐकले. थोरला जॉन श्वास कुठे घेतो, हे मला शेवटपर्यंत कळले नाही.

१९३६ मध्ये ऐन पंचविशीत तो न्यूमोनियाने गेला आणि त्याच्या जागी वडील उभे राहिले. मुलाच्या रिकाम्या जागेवर बापाने खर्ज लावायचा, हे मनात ठेवून त्यानंतरची गाणी ऐकली की गळा दाटून येतो. हळूहळू वाद्यांच्या नकला मागे पडत गेल्या आणि शब्द संथपणे, एकमेकांच्या सुरावर रेलून म्हणणे पुढे आले. १९४२ साली ध्वनिमुद्रित झालेले ‘पेपर डॉल’ याच वळणाचे आहे. पुढच्या वर्षी ते बिलबोर्ड या अमेरिकी संगीत-नियतकालिकाच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत अग्रस्थानी गेले आणि तिथे १२ आठवडे राहिले. लोकांनी ते डोक्यावर घेतले यात नवल नाही. मला मात्र १९३१-३५ मधली गाणी अधिक मोलाची वाटतात. १९५२ च्या ‘ग्लो वर्म’मध्ये वाद्यवृंदाची साथ आहे, आणि ती नसती तर बरे झाले असते.

संच काढणाऱ्यांनी ही सारी गाणी सरमिसळ करून टाकली आहेत आणि सोबतच्या पुस्तिकेत एकाही गाण्याचे साल दिलेले नाही. थोरल्या जॉनचा खर्ज आणि वडिलांचा खर्ज लागोपाठ येतो, पण नवख्या श्रोत्याला त्याचा पत्ताही लागत नाही. आवाजाची सफाई मात्र चांगली आहे. जुन्या तबकडीची खरखर कमी करताना गळ्यांचा पोत घासून काढलेला नाही. त्यासाठी संच जरूर घ्यावा. मी एकेका गाण्याचे साल शोधून क्रम लावला आणि तो कागद डबीतच घडी करून ठेवला आहे.