टायटनचं थोलिन की बर्फाचा अवशेष? लाल पृष्ठभागांसाठी प्रकाशीय स्थिरांक निवडताना

प्लूटो किंवा नेपच्यूनपलीकडच्या छोट्या बर्फाळ अ‍ॅरोकॉथसारख्या लालसर पृष्ठभागाच्या वर्णपटाशी प्रारूप जुळवायला बसलं की आधी सेंद्रिय पदार्थाचे प्रकाशीय स्थिरांक, म्हणजे एन आणि के, लागतात. एन म्हणजे अपवर्तनांक, के म्हणजे शोषणाचं माप. ते घ्यायचे कुठून?

बहुतेकांचा हात आधी टायटन थोलिनकडे जातो, म्हणजे शनीच्या टायटन या चंद्राच्या हवेसारख्या मिश्रणातून प्रयोगशाळेत बनवलेल्या लालसर-तपकिरी सेंद्रिय पदार्थाकडे. बिशुन खरे, कार्ल सेगन आणि सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये त्याचे स्थिरांक प्रसिद्ध केले. ९० टक्के नायट्रोजन आणि १० टक्के मिथेन, त्यात विद्युत विसर्ग. क्ष-किरणांपासून सूक्ष्मतरंगांपर्यंतचा पल्ला एकाच संचात मिळतो, हे त्याचं मोठं बळ. पण हा पदार्थ वायूत जन्मलेला आहे, आणि मूळ मिश्रणात ऑक्सिजनच नाही.

बर्फाच्या अवशेषाची गोष्ट वेगळी. दहा-वीस केल्विनवरच्या तबकडीवर पाणी, मिथेन, मिथेनॉल अशा वायूंचा पातळ थर गोठवतात, त्यावर आयन, इलेक्ट्रॉन किंवा अतिनील किरणांचा मारा करतात आणि मग हळूहळू तापवतात. उडून जाणारं उडून जातं, मागे पिवळसर-तपकिरी थर उरतो. पाणी किंवा मिथेनॉल असेल तर ऑक्सिजनही त्यात गुंफला जातो. अ‍ॅरोकॉथवर मिथेनॉलचं बर्फ सापडलं आहे, त्यामुळे तिथे मला हाच पर्याय पटतो.

मात्र ‘अवशेष’ हा एकच पदार्थ नव्हे. किरणांची मात्रा, म्हणजे माऱ्यातून मिळालेली एकूण ऊर्जा, वाढत गेली की हायड्रोजन निघून जातो, कार्बनची जोडणी दाट होते. लाली आधी वाढते, पुढे पदार्थ काळवंडतो आणि वर्णपटाचा चढ (लाल बाजूकडे वाढत जाणारं परावर्तन) सपाट होतो. म्हणून मात्रा न दिलेला आलेख मी वापरणार नाही. मोजणी निर्वातात झाली की नमुना हवेत काढून, हेही बघा. हवेतला ओलावा शोषला गेला तर ३ मायक्रॉनजवळ पाण्याचा पट्टा उमटतो आणि तो नमुन्याचाच वाटतो.

अवशेषाची खरी अडचण जवळच्या अवरक्तात येते. थर इतका पातळ असतो की तिथला छोटासा के मोजणीत सापडतच नाही. मग ती पोकळी थोलिनच्या आकड्यांनी भरायचा मोह होतो. तो टाळा. क्रामर्स-क्रोनिग संबंधामुळे एन हा सगळ्या तरंगलांबींवरच्या ‘के’शी बांधलेला असतो. दोन पदार्थांचे तुकडे शिवून तो संबंध टिकत नाही.

टायटनच्या धुक्यासाठी थोलिन घ्या. वातावरणहीन बर्फाळ पिंडासाठी, पल्ला तोकडा असला तरी, अवशेष घ्या. नुसत्या दृश्य प्रकाशातल्या चढावर मात्र निवड करू नका: कणांचा आकार दुप्पट आणि के निम्मा केला तर जवळपास तेवढंच शोषण मिळतं. ३.४ मायक्रॉनजवळचा कार्बन-हायड्रोजन बंधाचा पट्टाही सोबत जुळवून पाहा.